निळ्या ‘ई’ला माऊलीचा कौल

१४ ऑक्टोबर

काम मिळालं! मिळालं, मिळालं, मिळालं! अपूर्वाने फोन ठेवला आणि मला खुर्चीसकट गरागरा फिरवलं. मुलुंडच्या आमच्या दोघींच्या दीड खोलीच्या ऑफिसात फिरायला जागा कुठे? गुडघा कपाटावर आपटला. आपटू दे.

घाटकोपरला भटवाडीत ‘श्री माऊली सहकारी पतपेढी’ आहे. सगळे सभासद कोकणातल्या एकाच गावचे, आंबडवणचे. आजोबा गिरणीत लागले म्हणून इथे आलेली ही माणसं, आता त्यांची नातवंडं विमानतळापासून हॉस्पिटलपर्यंत सगळीकडे. पतपेढीची वेबसाइट मात्र आजोबांच्याच वयाची. ती आम्ही नवी करायची आणि १ डिसेंबरला सुरू करायची. अध्यक्ष राजाराम साटम यांनी एकच अट घातली, "एक जरी सभासद भायर रवलो, तर मी जुन्याच माणसाक बोलवतलंय." म्हणजे एकही सभासद बाहेर राहता कामा नये, नाहीतर काम गेलं.

आणि काम गेलं तर कंपनीही गेली. दुसरं गिऱ्हाईक नाहीच आमच्याकडे. बाबांनी मला डिसेंबरअखेरपर्यंत मुदत दिलीय, पुढे "प्रयोग पुरे, नोकरी बघ". नाव देवव्रत आणि वागणंही तसंच, एकदा प्रतिज्ञा केली की केली.

पण आज हे सगळं कशाला? आज मी खूश आहे. पतपेढीचा क्लार्क सर्वेश परब कागद द्यायला आला होता, त्याने माझा फोन बघितला आणि विचारलं, "मॅडम, हा रबर बँड कशाला?" म्हटलं, चार्जरची पिन सैल आहे, रबर लावला की नीट बसते. आठ वर्षं मस्त चाललाय. तो हसला. यात हसण्यासारखं काय आहे, देव जाणे.

१७ ऑक्टोबर

वाट लागली.

जुन्या साइटवर कोण कुठल्या ब्राउझरमधून येतं ते काढलं. चारांतला एक सभासद अजून त्या निळ्या ‘ई’मधून येतो! ज्यांनी बनवला त्यांनीच ज्याला मूठमाती दिली, तो निळा ई! मी शाळेत असताना लोक तो वापरायचे. नवी साइट त्यात उघडणार नाही आणि आम्ही ती उघडू देणारही नाही. पैशांचा व्यवहार त्यातून करणं म्हणजे दाराला कडी न लावता गावी जाण्यासारखं आहे.

अपूर्वा म्हणाली, "फोन करू एकेकाला. सांगू बदला म्हणून. त्यात काय?"

मीही म्हटलं, त्यात काय! दहा मिनिटांचं काम. जुनं काढा, नवं टाका. फुकट मिळतं. कोण नाही म्हणेल?

२१ ऑक्टोबर

सगळे नाही म्हणाले.

दोन दिवस फोन करून कान लाल झालेत. मुद्दाम लिहून ठेवते, नंतर हसायला होईल. एक काका म्हणे नव्यात अक्षरं पळतात. एका आजोबांना नवा ब्राउझर "आगाऊ" वाटतो, न विचारता मध्ये मध्ये बोलतो म्हणून. असल्दीकर नावाच्या काकू म्हणाल्या, "माझ्या झिलान लावन दिल्यान हा. दुबईक जाताना सांगान गेलो, आये, हेका हात लावू नको." आणखी एकीची मुलगी लग्न होऊन दहिसरला गेलीय. तीही जाताना हेच सांगून गेली, बाकी कशाला हात लावू नको. तिसऱ्यांचा पुतण्या. हात लावू नको, हात लावू नको. काय लोक आहेत यार! मुलांनी कधीकाळी सांगितलं ते देववाणी असल्यासारखं धरून बसलेत.

सगळ्यात भारी वनमाला राणे. भटवाडीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. मी समजावून सांगितलं, धोका सांगितला, व्हायरस सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तो काढलंय तर जत्रेची तारीख खंय बघू? तुझ्या कपाळार?"

आणि फोन आपटला. जत्रेचा आणि ब्राउझरचा काय संबंध?

२२ ऑक्टोबर

संबंध आहे! सर्वेशकडून कळला. तो आज पुन्हा मुलुंडला आला होता, काहीतरी शिक्का राहिला होता म्हणे. फोनवर सांगता आलं असतं. हा माणूस ऑफिसात कामं कधी करतो?

तर आंबडवणच्या माऊलीची जत्रा पंचांगात नसते. कुठलीही तिथी नाही, वार नाही. दिवाळीनंतर गावचे मानकरी देवीला कौल लावतात. देवीच्या अंगावर तांदूळ लावायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. असं विचारून विचारून जत्रेची तारीख ठरते. ती कळली की मग रजा, गाड्या, लग्नाळू मुलींची बघाबघी, सगळं त्यावर. मुंबईतल्या आंबडवणकराचं अख्खं वर्ष त्या एका तारखेवर टांगलेलं असतं.

आणि ती तारीख मुंबईत येते ती एकाच ठिकाणी. ‘आंबडवणची खबर’ नावाच्या पानावर. ते पान लिहितात धाकू गावडे, सर्वेशचे मामा. गिरणी बंद पडल्यावर छापखान्यात लागले, तिथे कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकले आणि वीस वर्षांपूर्वी हे पान सुरू केलं. रोज लिहितात. कोणाची म्हैस व्याली, कोणाला मुलगी झाली, कोण गेलं, पुलावर पाणी आहे का.

"व्हॉट्सअ‍ॅप नाही का?" मी विचारलं.

"आहे ना. दरवर्षी तिथे तीन-तीन तारखा फिरतात," सर्वेश म्हणाला. "मागे एकाने खोटी तारीख टाकली, दोन बस भरून लोक गावी पोचले. देवळाला कुलूप! तेव्हापासून मामाच्या पानावर आलं तरच खरं."

मी ते पान उघडलं. नुसते कंस, टिंबं आणि परग्रहावरची चिन्हं. ऑफिसातल्या जुन्या मशीनवर निळ्या ई मध्ये उघडलं, तर स्वच्छ मराठी! कळलं मला. पूर्वी कॉम्प्युटरला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांनाच मराठी मुखवटे चढवायचे. धाकूमामांच्या पानावरचा तो मुखवटा फक्त निळ्या ई ला बसतो. बाकी कोणी उघडलं की मुखवटा गळतो.

म्हणजे हे लोक अडाणी नाहीत, हट्टी नाहीत. निळा ई ठेवलाय तो जत्रा चुकू नये म्हणून! असं असेल तर प्रश्न सुटलाच. धाकूमामांचं पान आजच्या मराठीत आणायचं, ते सगळ्या ब्राउझरमध्ये दिसेल आणि निळ्या ई ला सुट्टी. किती सोपं! झकास!

११ नोव्हेंबर

दिवाळी गेली. आज सर्वेशबरोबर भटवाडीत धाकूमामांकडे गेले. डोंगराच्या कुशीतली चढाची गल्ली, दोन खोल्या, खिडकीत कॉम्प्युटर, त्यावर क्रोशाचं आच्छादन. मामा सत्तरीचे, पांढरा शर्ट, केसांना तेल आणि भयंकर मिजास. आधी मला पानावरचा पाहुण्यांचा आकडा दाखवला. तो दर सकाळी देवाला नमस्कार करण्याआधी बघतात.

"ह्यो बघ. अमेरिकेतसून पण येतत," ते म्हणाले.

मी माझं म्हणणं मांडलं. ते म्हणाले, "नको."

"अहो पण मामा, सगळ्यांना दिसेल, फोनवर सुद्धा..."

"आताच्यांका दिसता मा? मगे?" मग सर्वेशकडे मान वळवून, "ह्या मशीन ह्येना लावन दिल्यान हा, बारावीत होतो तेव्हा. हात लावूक देणार नाय."

झालं! इथेही तेच. मामा सरबत करायला आत गेले, सर्वेश ग्लास धुवायला. मी एकटी त्या कॉम्प्युटरसमोर. कोपऱ्यात बिचारा अपडेट कधीपासून विनवण्या करत होता, मला घ्या, मला घ्या. म्हटलं, एकदा मशीन ताजं झालं की नव्या ब्राउझरची गंमत मामांना आपोआप कळेल. भलं करायला गेले मी. दाबलं.

सरबत झकास होतं. कोकमाचं, वर जिरं. मशीन फिरत राहिलं, मी निघाले.

१२ नोव्हेंबर

निळा ई गेला. अपडेटने पुसून टाकला. मराठी टाइप करायचा जुना प्रोग्रॅमही चालेना. ‘खबर’ बंद! वीस वर्षांत पहिल्यांदा!

सर्वेशने मशीन मागे न्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मीही जाऊन बसले होते. मामा खिडकीबाहेर बघत होते. निघताना एवढंच म्हणाले, "काय केलंस गो चेडवा ह्या?" ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुपारपर्यंत भटवाडीभर झालं. राजारामकाकांचा फोन, "तुमका साइट करूक सांगलेली, देवीची जत्रा बुडवूक नाय." आणि मेल्यांनी लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर दोन तारखा सोडल्यासुद्धा. एकाने म्हणे तिकिटंही काढली.

गंधाली, तू मूर्ख आहेस. हे मी इथे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते.

१५ नोव्हेंबर

रडून झालं. कामाला लागले. मामांच्या जुन्या फाइली सर्वेशने आणून दिल्या. मुखवट्यामागचं प्रत्येक अक्षर ओळखून आजच्या मराठीत आणणारा प्रोग्रॅम लिहिला. वीस वर्षांच्या म्हशी, बारशी, मयतं, पूल, सगळं आलं! अपूर्वाने पान इतकं देखणं केलं की मीच बघत बसले. मोठी अक्षरं, फोनवर दिसतं, वर माऊलीचा फोटो.

सर्वेश म्हणाला, "गंधाली, लय भारी." मॅडमवरून गंधालीवर कधी आला कोण जाणे. म्हटलं, आता बघच, उद्या सगळे नाचतील.

१७ नोव्हेंबर

कोणी नाचलं नाही. पान कोणी खरं मानायलाच तयार नाही!

वनमालाकाकूंना मी स्वतः जाऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. "ही खबर आमची न्हय. अक्षरा बघ. धाकूची अक्षरा अशी नसतत."

"काकू, तीच आहेत, फक्त रूप बदललंय."

"रूप बदलून येता तोच फसवता गो बाय. रावणान काय केल्यान?"

इतकी वर्षं खोट्या तारखांनी पोळलेली माणसं. त्यांनी खऱ्या खबरेची ओळख धरली होती ती त्या जुन्या, जराशा तुटक्या अक्षरांवरून, आणि मी नेमकी तीच पुसून त्यांच्यासमोर ठेवली, वर ‘देखणं’ म्हणून. खोटं पान बनवणाऱ्यानेही हेच केलं असतं.

मी तिथेच पायरीवर बसले. बसले आणि बोलून गेले की काकू, माझं काम जाणार, कंपनी जाणार, मी सगळ्यांना विचारून विचारून थकले.

काकूंनी पदराने माझ्या गालाला लागलेलं काहीतरी पुसलं आणि म्हणाल्या, "सगळ्यांका इचारलंस. देवीक इचारलंस?"

१८ नोव्हेंबर

मी इंजिनिअर आहे. ब्राउझर बदलायला देवीला विचारायचं?

अपूर्वा म्हणाली, "अगं, पान तिचंच ना? मालकाला न विचारता दुकान हलवलंस तू."

सर्वेशला फोन केला. तो जणू वाटच बघत होता. रविवारी गावात तारखेचा कौल आहे. तारीख रिवाजाप्रमाणे फक्त धाकूमामांना कळवतात आणि मामा ती दिवेलागणीच्या आत पानावर टाकतात. त्याच बैठकीत खबरेचंही विचारता येईल, राजारामकाकांनी मानकऱ्यांना सांगितलं तर. राजारामकाका पटकन हो म्हणाले. वर म्हणाले, "ह्या आधीच करूचा होता."

२४ नोव्हेंबर, रविवार

आजचं आजच लिहिते.

भटवाडीच्या मंडळाच्या हॉलमध्ये सगळे जमलेले. मधोमध टेबलावर फोन, फोनमध्ये आंबडवणचं देऊळ. तारखेचा कौल सकाळीच झाला होता. मामा कोपऱ्यात ओठ घट्ट मिटून बसलेले, तारीख पोटात. कोणी चेष्टेत विचारलं तरी मान हलवत नव्हते.

मग आमचा प्रश्न. गावच्या मानकऱ्यांनी विचारलं, धाकूची जुनी खबर बंद करून नवी सुरू करावी का, माऊली? तांदूळ लागले. माझा देवावर विश्वास आहे की नाही हे मी कधी ठरवलेलं नाही, पण मी अपूर्वाचा हात इतका आवळला होता की तिच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर अजून आहे. पडेना, पडेना. आणि पडला.

"डावो," फोनमधून आवाज आला.

डावा. नाही.

संपलं. एवढंच मनात आलं. दाराकडे निघाले तर सर्वेश आडवा आला, "थांब ना. अजून संपलं नाही."

राजारामकाका फोनकडे वाकून म्हणाले, "मागणा बदला."

मागणं बदलता येतं! मला माहीतच नव्हतं. देवी नाही म्हणाली की रुसून उठायचं नसतं, आपलं विचारणं चुकलं असेल तर वेगळं विचारायचं असतं. हॉलभर कुजबुज. मग वनमालाकाकू मोठ्याने म्हणाल्या, "जुना बंद कर म्हणान कित्याक सांगतास? ह्या जत्रेक दोनव चालांदेत. जुना मोडल्याशिवाय नवीन येयत नाय काय?"

दोन्ही शेजारी शेजारी! एक हंगाम. लोक पडताळून बघतील, मग आपोआप पाऊल टाकतील. अगं बाई, हे तर आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात! जुनं चालू ठेवून शेजारी नवं उभं करायचं, मग माणसं हलवायची. मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत त्यावर. आणि इथे येऊन सरळ अपडेट दाबलं.

पुन्हा तांदूळ. या वेळी मी डोळे मिटले.

"उजवो! उजवो!"

हॉल उसळला. कोणीतरी मला मिठी मारली, कोण ते कळलं नाही, खोबरेल तेलाचा वास होता. मग एकदम धाकूमामा उठून उभे राहिले.

"दोनव म्हणजे जुनीव," ते म्हणाले. "जुनी लिहू कशार? ह्या चेडवान माझो ई मारल्यान."

सगळे माझ्याकडे वळले. दिवेलागणीला काही तासच होते. निळा ई आणि ते जुनं मराठी टायपिंग, दोन्ही असलेलं मशीन आज कुठे मिळणार? कोणाकडे ब्राउझर होता तर टायपिंग नव्हतं. माझं डोकं बंद पडलं. आणि मग लख्ख आठवलं.

आमच्याच घरी!

बाबा! सोसायटीचे सेक्रेटरी होते तेव्हापासून नोटिसा टाइप करतात, त्याच मशीनवर, त्याच जुन्या अक्षरांत. दोन वर्षं मी कानीकपाळी ओरडतेय की बदला, आणि ते "चाललंय ना" म्हणून ढिम्म. फोन लावला. आईने उचलला, तिच्या हातातून बाबांनी घेतला. मी एका दमात सगळं सांगितलं. नोकरीचं काहीतरी बोलतील असं वाटलं. म्हणाले, "डबा आणू की पडदाही?"

डबा म्हणजे सीपीयू. रिक्षातून आले, सीपीयू मांडीवर, वर आईची शाल गुंडाळलेली, लहान मूल दवाखान्यात नेतात तसं. मामांच्या खोलीत जोडलं. निळा ई उघडला, धाकूमामांची अक्षरं जशीच्या तशी उमटली. मामांनी बाबांकडे असं पाहिलं, जणू जत्रेत हरवलेला भाऊ भेटला.

"तुम्ही नाय बदललास?" त्यांनी विचारलं.

"हिनेच लावून दिलं होतं, दहावीत असताना," बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "म्हणाली, बाबा, इथे क्लिक करायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. नाही लावला."

सगळे हसले. मला राग आला, हसू आलं आणि कसंतरीच झालं, तिन्ही एकदम. दहावीतलं काय धरून बसायचं असतं का? पण आता भांडायला वेळ नव्हता.

खिडकीत उजेड होता तोवर मामांनी जुन्या पानावर तारीख टाकली. मी नव्या पानावर. खाली मामांनी आपणहून एक ओळ लिहिली, ‘ही खबर नव्या जागेवरही मिळेल. माऊलीचा कौल आहे.’ मिनिटभरात गल्लीतून आरोळी आली, मग दुसऱ्या चाळीतून. खिडक्यांतून बायका एकमेकींना विचारत होत्या, "तुझ्यात काय इला? माझ्यात पण तीच!" जुन्यात तीच, नव्यात तीच. वनमालाकाकू दारात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला एका हाताने फोनवरचं नवं पान आणि दुसऱ्याने आतल्या कॉम्प्युटरवरचं जुनं पान दाखवत होत्या.

आम्ही जिंकलो, नाही का? जिंकलोच!

२८ नोव्हेंबर

महिला मंडळाने मोहीम काढलीय. रोज दुपारी चार बायका आणि मी, घरोघरी. नवा ब्राउझर टाकायचा, पतपेढीची नवी साइट दाखवायची, खबर दाखवायची. चहा नाही म्हटलं तर अपमान होतो, म्हणून आज अकरावा कप झाला. असल्दीकर काकूंनी आधी दुबईला मुलाला फोन लावला, "रे, हात लावू काय?" तो म्हणाला लाव. मग लावला. मी आधी याच गोष्टीची चेष्टा लिहिली होती, आता का कोण जाणे, वाकून काकूंच्या पाया पडले. चहा जास्त झाला असणार.

सर्वेशही असतो बरोबर. त्याचं काम नसतं, तरी असतो. आज म्हणाला, "माझ्याकडे एक नवा फोन पडून आहे, तू घे." कशाला? माझा चाललाय ना.

१ डिसेंबर

आज सकाळी नवी साइट सुरू. हॉलमध्ये लॅपटॉपला हार, समोर नारळ. राजारामकाका कोट घालून उभे राहिले आणि सगळ्यांच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घातलं. मी ते ऐकत आलेय लांबून, पण आपल्यासाठी घातलेलं गाऱ्हाणं पहिल्यांदाच ऐकलं.

"बा माऊली म्हाराजा! आज ही तुझी लेकरा घाटकोपरात जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या मुलुंडच्या दोन चेडवांनी तुझ्या लेकरांसाठी नवी वाट घातल्यानी हा..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या वाटेत कोणाची नजर आसात, कोणाचो व्हायरस आसात, तो सात समुद्रापलीकडे धाडून दी गे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"म्हाताऱ्यांका पासवर्ड याद रवांदे गे म्हाराजा!"

यावर तर छप्पर उडेल असा ‘व्हय म्हाराजा’ झाला. मीच सगळ्यात मोठ्याने ओरडले. बटण दाबलं. सभासद यायला लागले, पडद्यावर एकेक नाव हिरवं होत गेलं. बाबा शेवटच्या रांगेत उभे होते. नोकरीबद्दल काही बोलले नाहीत, फक्त आईला म्हणाले, "हिला उद्यापासून डबा मोठा दे. काम वाढणार." माझ्यासाठी ते पुरस्काराहून मोठं आहे.

संध्याकाळी ऑफिसात येऊन आकडे पाहिले. सगळे नव्या ब्राउझरवर. सगळे! फक्त एक सोडून. एक निळा ई अजून दाराशी उभा, आत येता येत नाही आणि जातही नाही. अपूर्वा म्हणाली, "कोण गं हा?"

मला माहीत होतं. फोन लावला.

"मामा, तुम्ही? तुम्हीच राहिलात? अहो, कौल झाला, गाऱ्हाणं झालं, तुम्हीच पानावर लिहिलंत!"

मामा म्हणाले, "इतरांका तू घरी जावन लावन दिलंस. माका कोणी लावन दिल्यान?"

रिक्षा पकडून गेले. बाबांचं मशीन त्यांच्याच खिडकीत होतं, बाबांनी ते त्यांना देऊन टाकलंय. त्याच्या शेजारी मामांचं स्वतःचं, क्रोशाच्या आच्छादनाखाली. आच्छादन काढलं. नवा ब्राउझर टाकला, खबर पहिल्या पानावर ठेवली, पतपेढी दुसऱ्यावर. टायपिंगही नव्या मराठीचं बसवलं, त्यांच्या जुन्या सवयीच्या बटणांवर. पाहुण्यांचा आकडा जुन्या पानावरून उचलून आणला, एकही न गाळता. तो दिसला तेव्हा मामा हसले.

"झाला?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मगे सांग माका."

"काय सांगू?"

"आमच्या सर्वेशान सांगलेला तसा. सगळ्यांच्या पोरांनी सांगलेला तसा."

मी त्यांचा हात माऊसवर ठेवला. तळहात राठ होता, छापखान्याचा. म्हटलं, "मामा, इथे क्लिक करायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"नाय लावणार," ते म्हणाले आणि क्लिक केलं.

फोन वाजला. रबर बँडसकट कानाला लावला. पलीकडे अपूर्वा नुसती किंचाळत होती, "हिरवा! गंधाली, शेवटचा पण हिरवा!"